दुखतंय, पण दोनच

ती. आत्यास,

भटक्या भाच्याचा वाकून नमस्कार (वाकायला सध्या मनाई आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकलो असं धर). तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबा अजून रेडिओशी भांडतात का? मी इथे मजेत आहे. खाट स्वच्छ आहे, खिडकीतून एक झाड आणि अर्धं पार्किंग दिसतं, आणि नुकतीच एक सुई टोचल्यामुळे अक्षरही बरं येतंय. मजेत आहे हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

गेल्या पत्रात मी बेकरीत होतो. ते सुटलं. (बेकरीवाल्याला पहाटे उठणारा माणूस हवा होता, हे त्याने आधी सांगायला नको?) मधे थोडे दिवस पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडली, तिथली एक गंमत आहे, पण ती सांगत बसलो तर पोटाचं सांगायचं राहून जाईल. सध्या घरसामान हलवणाऱ्या ट्रकवर आहे. आमच्या ड्रायव्हरला सगळे गोगलगाय म्हणतात. का ते कळत नाही, कारण त्याच्या शेजारी बसलं की आपलं उरलेलं आयुष्य खिडकीबाहेरून उलटं पळताना दिसतं. भीती मोडावी म्हणून मी त्याला आपल्या घराण्याच्या गोष्टी सांगतो. त्यात तू त्याची फार लाडकी आहेस.

तर आज सकाळी आम्ही एका बाईंचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवत होतो. कपाट असं की आत एखादं लहान कुटुंब सुखाने नांदलं असतं. कालपासून बेंबीपाशी कुरकुर होतीच. जिन्याच्या वळणावर ती उजवीकडे खाली उतरली आणि तिथेच तिने बिऱ्हाड केलं. मी कपाट सोडलं. खाली गोगलगाय होता. (तो ठीक आहे. माझा फोन मात्र कपाटाखाली सपाट झाला.) बाई वरून ओरडल्या, "अहो, कपाट सांभाळा!" तर हा म्हणतो, "बाई, कपाटाला पोट नसतं," आणि मला उचलून, बाईंच्या सोफ्यासकट, ट्रक थेट हॉस्पिटलच्या दारात.

तातडीचा विभाग, असं दारावर लिहिलं होतं. तातडी तेवढी पाटीवरच होती. खूप वेळाने आत घेतलं. डॉक्टर माझ्याच वयाचा, पण इस्त्री केलेला. कॉम्प्युटरकडे बघत त्याने विचारलं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?

आता तूच सांग, आपल्या घरातल्या माणसाने काय सांगायचं? आजोबांनी मोडलेला पाय 'जरा अवघडलाय' म्हणून आठवडाभर चालवला. आई दाढ काढून आली ती थेट पाहुण्यांना वाढायला लागली. आपल्याकडे दुखणं वाढवून सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं. मी हिशेब केला: दहा म्हणजे मेलेला, नऊ बाळंतीण, आठ भाजलेला, आणि मी तर ट्रकमधून उतरून आपल्या पायांनी आत आलेला. शिवाय डॉक्टर बिचारा दमलेला दिसत होता. म्हटलं, दोन. मग फारच कोंडल्यासारखं झालं म्हणून, अडीच धरा. त्याने अडीच धरलं नाही. गॅस आहे म्हणाला, गोळी दिली, गरम पाणी पी म्हणाला. आणि आत्या, मी त्याला थँक्यू म्हणालो! स्वतःच्याच थोबाडीत मारणार होतो, पण दोन्ही हात पोटावर गुंतलेले.

त्याला कळलं नाही याचा राग नाही. मला तरी कुठे कळत होतं? पण गाडी घेऊन गेलो तर मेकॅनिकसुद्धा आधी बॉनेट उघडतो गं. ह्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. बाहेर येऊन बाकावर दुमडून बसलो आणि वाटायला लागलं, खरंच काही झालेलं नसेल, मीच नाटकी असेन.

तेवढ्यात मला उठवायला धावलेल्या गोगलगायीचं बोट दारात चेमटलं. त्याने जी बोंब ठोकली! दोन नर्स, एक वॉर्डबॉय आणि तोच डॉक्टर धावत आले, त्याला खाटेवर निजवलं. गडी बोट मुठीत धरून बसला. म्हणाला, "आधी ह्या पोराचं पोट बघा, मगच माझं बोट दाखवीन." नाइलाजाने डॉक्टरने माझं पोट दाबलं आणि झटकन हात काढला. दाबताना गप्प होतो. हात काढताना मात्र मी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली, तीही मोठ्याने. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझं तोंड पाहिलं.

"आता किती?"

"तीन," मी जरा लाजूनच म्हणालो.

गोगलगाय खाटेवरून ओरडला, "साहेब, ह्याच्या आजोबांचा मोडका पाय दोन होता! ह्यांच्यात तीन म्हणजे माणूस हातचा गेला!"

मग खरी धावपळ झाली. रक्त काढलं, मशिनीत घातलं. अपेंडिक्स आहे, फुटायच्या बेतात. थोड्या वेळात कापायला नेतील. डॉक्टर मघाशी येऊन सॉरी म्हणाला. मी म्हटलं, चालतंय. (रक्तातच आहे, काय करणार.) तू मात्र अजिबात काळजी करू नकोस.

तुझा भाचा

ता. क. आईबाबांना इतक्यात कळवू नकोस. ते येतील आणि डॉक्टरलाच 'आमच्यामुळे तुम्हाला त्रास' म्हणतील.

आणखी ता. क. तुझा नंबर कपाटाखालच्या फोनमध्येच राहिला, म्हणून गोगलगायीच्या हाती पत्र पाठवतोय. त्याला चहा पाज, पण बसवून ठेवू नकोस. ट्रकच्या पुढच्या सीटवर तुझ्यासाठी उशी ठेवायला सांगितली आहे. वाटेत त्याच्या चालवण्यावरून भांडू नकोस, आवाज इथल्यासाठी राखून ठेव. भाजीवाल्याशी लावतेस तोच.

शेवटचं ता. क. मजेत आहे असं वर लिहिलंय ते खोडून वाच. मला फार भीती वाटतेय, आत्या. ये.