मासा कधीचा आहे?

आई, आज सुशीवरचा लेख दिला. इथल्या वर्तमानपत्राच्या पुरवणीला, ज्यांनी कधी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सोपी ओळख हवी होती. वेळेच्या दोन तास आधी दिला, तरी खुर्चीतून उठवेना. लेखभर तू होतीस आणि तुझा उल्लेख कुठेच नव्हता.

तू इथे अमेरिकेत, प्लेनोला माझ्याकडे आली होतीस तेव्हाची गोष्ट. शनिवारी दुपारी मी तुला आणि माझ्या मुलीला हायवेपलीकडच्या जपानी रेस्टॉरंटमध्ये नेलं. रत्नागिरीच्या बाजारात माशाचे कल्ले उचलून बघणारी तू, तुला जपान्यांचा मासा दाखवायचा होता. आपण काउंटरपाशीच बसलो आणि मी ऐटीत समजावायला लागले. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे, सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर, मीठ लावलेला भात. त्या भाताच्या बोटभर मुटक्यावर माशाची चकती ठेवली की निगिरी. समुद्री शेवाळाच्या पातळ कागदात भात आणि काकडी गुंडाळून कापली की माकी. भात बाहेर आणि शेवाळ आत, अशी उलटी गुंडाळी इथे अमेरिकेत जास्त चालते. त्याच कागदाचा कोन केला की तेमाकी. तळलेल्या गोडसर टोफूच्या पिशवीत भात भरला की इनारी. आणि भाताशिवाय नुसते माशाचे काप ते साशिमी, ती खरं तर सुशीच नाही. "म्हणजे मुटके, वड्या आणि करंज्या," तू म्हणालीस. वासाबीचा, त्या नाकात जाणाऱ्या झणझणीत वाटणाचा, हिरवा गोळा तर तू तोंडातच टाकणार होतीस; माझ्या मुलीने हात धरला, "आजी, दॅट्स नॉट चटणी!"

मग शेफने आपल्यापुढे ट्युनाची निगिरी ठेवली. तू ताटली नाकाजवळ नेतेस, अंगठ्याने मासा दाबून बघतेस आणि मला म्हणतेस, "विचार त्याला, मासा कधीचा आहे?"

"आई, इथे असं विचारत नाहीत."

"का? त्याला माहीत नाही?"

शेफ सुरी थांबवून बघतोय. "व्हॉट डझ शी से?" मी म्हणते, "शी सेज इट्स ब्यूटिफुल." तो कमरेत वाकतो आणि गोड ऑम्लेटची एक निगिरी तुझ्यापुढे ठेवतो, त्याच्याकडून भेट. तू ती हाताने उचलून खातेस. मग हळूच म्हणतेस, "छान आहे हो. पण उत्तर नाही दिलंन त्याने."

तुझा ट्युना तसाच राहिला. परतताना गाडीत मी चिडले, "चारचौघांत मासा काय दाबतेस?" पुढे तू कायमची गेल्यावरही कित्येक वर्षं मी ही गोष्ट हसत हसत सांगत आले, आईला कच्चा मासा काही जमला नाही म्हणून.

लेखासाठी परवा तिथेच गेले. शेफ तोच, केस पांढरे झालेत. वही उघडून पहिला प्रश्न तुझाच विचारला. त्याने सुरी ठेवली, हात पुसले आणि बराच वेळ बोलत राहिला. त्याच्याकडचा ट्युना बोटीवरच गोठवलेला येतो. सॅमन कच्चा द्यायचा तर आधी गोठवलेलाच घेतो, आत कीड असली तर मरावी म्हणून. काही पांढरे मासे तो मुद्दाम दोन-तीन दिवस थंडीत ठेवतो, चव मुरते. आणि निगिरी हाताने खाल्लेली चालते, उलट तेच बरं. मग म्हणाला, "एव्हरीबडी आस्क्स इफ इट्स फ्रेश. यू आस्क्ड व्हेन." मी म्हटलं, "माय मदर डिड."

गाडीत बसल्यावर मला बाजार आठवला. जिच्याकडून घ्यायचं नसे त्या कोळणीला तू एका शब्दाने काही विचारायची नाहीस. जिच्याशी "कधीचा गं?" म्हणून हुज्जत घालायचीस, तिच्याच पाटीतून पिशवी भरायचीस. म्हणजे त्या दिवशी तुला तो ट्युना खायचा होता. मी विचारलं असतं तर तू खाल्ला असतास. एवढी साधी गोष्ट, आणि मी तुझी मुलगी.

हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. त्या दिवसापर्यंत मी स्वतः काकडीच्या माकीपुढे कधी गेलेच नव्हते. तू ऑम्लेट खात होतीस तेव्हा माझा ट्युना मी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. कधीचा आहे, हे मलाही विचारायचं होतं.