तळ्यात सोडलेलं रोप

लाडक्या चिऊस,

मी ठणठणीत आहे, खोकलाही गेला. कारखान्यात आम्ही जलपर्णी कुजवून गॅस करतो. कालपासून आमचा चहाही त्याच गॅसवर उकळतो.

पण तुझ्या पत्राने जीव टांगणीला लागलाय. शाळेत सिस्टरांच्या बागेत होतं तसं जांभळं फूल दिसलं, म्हणून इथे कामाला लागण्याआधी मी ते रोप तुला आणलं होतं. ते तू मागच्या तळ्यात सोडलंस? अगं, तीच ही जलपर्णी! इथे वीस माणसं रोज उपसतात, तरी सकाळी पाणी दिसत नाही.

मुकादमाला हे सांगितलं, तर म्हणाला, "बाई, मग घरीच कारखाना काढा की!" मला हसू आलं नाही.

सगळी उपसून गच्चीवर वाळव, गटारात टाकू नकोस. कंबर कशी आहे? एकटी वाकू नकोस.

उलट टपाली एवढंच कळव, तळ्यात अजून आभाळ दिसतं ना?

तुझी वेंधळी,
ताई