‘अल्पशा आजाराने’ या दोन शब्दांबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, एका दैनिकाच्या कचेरीतून निवृत्त झालेली मुद्रितशोधक, जिला तिथे तोंडावर ‘बाई’ आणि पाठीमागे ‘कानामात्रा’ म्हणत, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, चष्म्याचा नंबर बरोबर आहे आणि हे लिहिताना माझ्या मानगुटीवर कुणी बसलेले नाही. वकीलबाईंनी छापील मसुदा आणला होता. त्यात मथळ्यातच ‘मृत्यूपत्र’ असा ‘त्यू’ दीर्घ होता. तो मी परत केला. जिला मथळा तपासता येत नाही तिने आतला मजकूर तपासला असेल यावर माझा विश्वास नाही.

कलम १. घर. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या माझ्या भाचीच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला द्याव्यात. बँकेत जे असेल तेही तिलाच. किल्ली मात्र दादाच्या हाती पडू देऊ नये. दादा हा माझा सख्खा थोरला भाऊ. मी डोळे मिटताच तो कपाटे आवरायला येईल. दादा आवरतो म्हणजे फाडतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

कलम २. कात्रणे. माळ्यावर चार फायली आहेत. एकतीस वर्षे आमच्या पेपरात कर्करोगावर जे जे छापून आले ते मी कापून ठेवले. लोक म्हणत, बाईंना भलताच छंद. छंद कसला! मला संशय होता आणि संशयाला पुरावा लागतो.

स्तनाच्या कर्करोगाची फाईल दोरीने बांधावी लागते. दरवर्षी गुलाबी पुरवणी, हसऱ्या बायका, ‘तिने मृत्यूला हरवले’. चांगलेच आहे, त्यामुळे कितीतरी जणी वेळेत तपासायला गेल्या, त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. रक्ताच्या कर्करोगात नेहमी एक लहान मूल आणि मदतीचे आवाहन. फुप्फुसाच्या कर्करोगात रोग्याचा फोटो नाहीच, सिगारेटचा फोटो. आमच्या छपाई विभागाचा फोरमन त्याने गेला, तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण त्याच्या बायकोला विचारत होता, “किती ओढायचे हो?” त्या माणसाने जन्मात विडी पेटवली नव्हती. लोकांना हा प्रश्न आम्हीच पढवला होता.

चौथी फाईल मोठ्या आतड्याची. एकतीस वर्षांत सात कात्रणे, त्यातली दोन ‘कोंडा खा’ म्हणून सांगणारी. रोग काही इतका दुर्मीळ नाही. मग बातम्या गेल्या कुठे?

ही चौथी फाईल आमच्या माजी मुख्य उपसंपादकांना द्यावी. मी एकदा त्यांच्या टेबलाशी जाऊन विचारले होते, “साहेब, आतड्यावर एक पान करू या का?” ते म्हणाले, “बाई, सकाळी सकाळी लोक हातात चहाचा कप घेऊन बसतात. आतडी कोण वाचणार?” सगळे हसले. नाइलाजाने मीही हसले, त्याचा मला आजही राग येतो. त्यांनी ती फाईल चहा पितानाच वाचावी अशी माझी इच्छा आहे.

कलम ३. माझी धाकटी बहीण. ती गेली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. तीन वर्षे आजारी होती, दोनदा पोट उघडले होते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेव्हा वीस वर्षांची, शिकायला वसतिगृहात. तिला सांगितले होते, आईला अल्सर आहे. दादाने आम्हा सगळ्यांना बजावले होते, “पोरीचं लग्न जमायचंय. उगाच बोभाटा नको.” आणि आम्ही मूग गिळून बसलो.

निधनाची बातमी मीच लिहिली. माझ्या स्पष्ट लक्षात होते की मी ‘मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने’ असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी छापून आले ‘अल्पशा आजाराने’. अल्पशा! तीन वर्षे! अहो, निदान ‘दीर्घ’ तरी म्हणायचे.

तेव्हापासून सतरा वर्षे मी गुन्हेगार शोधत होते. दादाने कचेरीत फोन केला असणार, असे धरून मी त्याच्याशी सहा वर्षे बोलले नाही. मग साहेबांवर संशय घेतला. मग अक्षरजुळणी करणाऱ्या त्या मुलीवर, जी पुढे नोकरी सोडून गेली, बहुधा माझ्याच बोलण्याला कंटाळून. तिची मी इथे लेखी माफी मागते.

कलम ४. तपासलेला खर्डा. गेल्या वर्षी कचेरी नव्या इमारतीत गेली. जुन्या लिपिकाने मला फोन केला, “बाई, तुमच्या हातचे खर्डे रद्दीत निघालेत, न्यायचे का?” मी पिशवी घेऊन गेले. त्यात ते पान सापडले.

‘मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने’ यावर एक सरळ रेघ होती. समासात ‘अल्पशा आजाराने’. हिरव्या शाईत. अख्ख्या कचेरीत हिरवी शाई फक्त मी वापरत असे.

त्या दिवशी मी रजा घेतली नव्हती. पान हाताखाली आले आणि हात चालला. सवयीने, असे मी म्हणू शकते. पण सवयीने ‘दीर्घ’ आले असते, आमचा नियम तोच होता. ‘दीर्घ’ म्हटले की लोक विचारतात, कसला आजार. ‘अल्पशा’ म्हटले की कुणी काही विचारत नाही. मला कुणी विचारायला नको होते. मला लाज वाटली. माझ्या बहिणीची, तिच्या आतड्याची मला लाज वाटली.

दादाला माझे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. सहा वर्षांच्या अबोल्याची याहून बरी भरपाई मला सुचत नाही.

कलम ५. ‘अल्पशा’ हा शब्द मी मागे घेते. पाच महिन्यांपूर्वी माझ्याच पोटात तेच निघाले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात आणखी कुणाला होता?” मी सांगितले. ते म्हणाले, “मग त्यांच्या मुलीची दुर्बीण घालून तपासणी एकतिसाव्या वर्षी, म्हणजे आईला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, व्हायला हवी होती.” भाची अडतीस वर्षांची आहे. वर्षभर पोट बिघडलेय म्हणून पित्ताच्या गोळ्या खाते आहे. तिला काही झालेच आहे असे नाही, पण आईला काय होते हेच तिला माहीत नाही.

या पाच महिन्यांत मी तिला कितीदा फोन केला. दरवेळी “जेवलीस का?” विचारून ठेवून दिला. माझी जीभ माझ्या हातासारखीच निघाली.

मी मेल्यावर हे वाचून दाखवायचे, तर दादा हे पान फाडील, वकीलबाई कपाटात ठेवून विसरतील आणि पेपरवाले काय करतील ते मला ठाऊक आहे. माझाही मला भरवसा नाही. म्हणून साक्षीदार म्हणून मी भाचीलाच बोलावले आहे. वकीलबाई म्हणाल्या, “साक्षीदाराला इस्टेटीत काही देऊ नये, भांडणं होतात.” म्हणूनच घर नातीच्या नावे केले. भाचीला मी फक्त हे कलम देत आहे. तिने सही करण्याआधी सगळी पाने मोठ्याने वाचावीत, एकही ओळ न गाळता.

कलम ६. माझ्या निधनाची बातमी अशी छापावी: ‘मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने निधन. बहीणही त्याच आजाराने गेली होती.’ यात फेरफार करायचा असेल, तर बातमी देऊच नये.

ठिकाण: माझ्या घरातले जेवणाचे टेबल
दिवस: शनिवार, सकाळचे अकरा

सही (हिरव्या शाईत)

साक्षीदार पहिला: माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर. सही.

साक्षीदार दुसरी: भाची. सही.

(सहीखाली, भाचीच्या अक्षरात:) सगळं वाचलं, मोठ्याने. कलम ३ ला थांबले होते, मग पुढे वाचलं. डॉक्टरांनी सोमवारी सकाळी नऊची वेळ दिली आहे. मावशी, तू बरोबर यायचं. आणि आईला नक्की काय काय झालं ते रिक्षात बसल्यापासून सांगायला लागायचं.