दुसऱ्याच्या धुराड्यावर टोपी

थॉर्नवाइक, यॉर्कशायर
रविवार, चहानंतर

प्रिय मेहुणे क्लिफर्ड यांस,

हर्बर्टचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? कुत्र्याचं पोट ताळ्यावर आलं का? (मागच्या नाताळात त्यानं माझ्या वाटणीचं पुडिंग खाल्लं, तेव्हापासून माझं मन त्याच्याबद्दल स्वच्छ नाही, पण विचारणं कर्तव्य आहे.) तुमची बहीण तुमच्याकडे येऊन आज एकोणीस दिवस झाले. मी काही मोजत बसलेलो नाही, कॅलेंडर समोरच टांगलंय एवढंच. माझं इथे झकास चाललंय. रोज उकडलेलं अंडं खातो, कधी कधी ते उकडलेलंही असतं.

म्युरियल का निघून आली हे तिनं तुम्हाला तिच्या पद्धतीनं सांगितलंच असेल. आता माझी बाजू ऐका. आमच्या बैठकीच्या खोलीतली शेकोटी तुम्हाला माहीत आहे. घरात रेडिएटर आले तेव्हापासून ती पेटली नाही, पण वरचं धुराडं उघडंच राहिलं, आणि हिवाळाभर त्यातून असा गार वारा खाली येतो की हातातलं वर्तमानपत्र आपलं पान आपणच उलटतं. सात वर्षं ती म्हणत होती, ‘हर्बर्ट, ते धुराडं बंद कर.’ सात वर्षं मी ‘करतो’ म्हणत होतो. आणि मी करणारच होतो! पण एका मंगळवारी तिनं बॅग भरली आणि दारात उभी राहून म्हणाली, ‘या घरात एक तर तो वारा राहील, नाहीतर मी.’ आणि वाऱ्याला कंटाळून गेली कुठे, तर तुमच्या स्कारबरोला, समुद्रावर, जिथे बाहेर उभं राहिलं तर तोंडातले दात गार पडतात. मला तर यात काही तर्क दिसत नाही. तुम्हाला दिसत असला तर कळवा.

तर मी कंबर कसली. पहिल्या दिवशी दोन उशा धुराड्यात कोंबल्या. (तिच्या आईच्या नव्हेत. म्हणजे एक होती, पण जुनी.) दुसऱ्या दिवशी त्या काजळीची अर्धी बादली आणि कावळ्याचं अख्खं घरटं बरोबर घेऊन गालिच्यावर उतरल्या. मग नाइलाजानं धुराडी साफ करणाऱ्या बॅराक्लोला बोलावलं. त्यानं आत ब्रश फिरवला, उशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला शाळेतल्या पोरासारखं समजावून सांगितलं, की धुराडं असं गच्च बुजवायचं नसतं, भिंत आतून ओली होऊन सडते. खालून मेंढीच्या लोकरीचा जाड बोळा लावायचा, थोडी हवा जाऊ द्यायची, वर छपरावर नळकांड्याला हवेपुरती बारीक भोकं असलेली पत्र्याची टोपी घालायची म्हणजे पाऊस आणि कावळे बाहेर राहतात, आणि शेकोटीपाशी पाटी टांगायची, म्हणजे उद्या कुणी विसरून जाळ करणार नाही. टोपी घालायला शुक्रवारी येतो म्हणाला. मी म्हटलं, टोपी घालायला माणूस कशाला लागतो? ती मी घालीन. तो काही बोलला नाही. यॉर्कशायरचा माणूस काही बोलला नाही की समजावं, त्यानं पुष्कळ बोलून घेतलंय.

आता आमची आणि शेजारच्या मिसेस हॅलसची घरं एका भिंतीला चिकटलेली, आणि त्या भिंतीवर दोघांचं मिळून एकच धुराडं, त्यावर एका ओळीत सहा नळकांडी, दर शेकोटीला एक. तीन आमची, तीन तिची. मी रस्त्यावर उभा राहून शिस्तीत मोजलं: डावीकडून तिसरं आपल्या बैठकीच्या खोलीचं. मग शिडी परसात लावली, कारण रस्त्यात लावली असती तर सगळी आळी सल्ला द्यायला जमली असती. वर गेलो, डावीकडून तिसरं शोधलं, टोपी घातली, स्क्रू पिळले. एकाहत्तराव्या वर्षी! पुढून मोजलेलं डावं मागून गेल्यावर उजवं होतं, ही गोष्ट मला छपरावर सुचली नाही. ती मला गुरुवारी दुपारी तीन वाजता सुचली, जेव्हा मिसेस हॅलसनं विणकामाच्या मंडळासाठी शेकोटी पेटवली आणि धूर वर जायच्या ऐवजी खोलीत भरला.

क्लिफर्ड, त्या चार म्हाताऱ्या सुयांसकट रस्त्यावर आल्या तेव्हा मला आधी हसू आलं. मग आतून भोंगा ऐकू आला. खोलीत जळणाचा विषारी वायू साचला की वाजतो तो भोंगा होता. तिनं तो मागच्याच वर्षी बसवला होता, आणि बसवला नसता तर मी आज हे पत्र कुठून लिहिलं असतं देव जाणे. आगीचा बंब आला. अधिकाऱ्यानं वर बोट दाखवून विचारलं, ही टोपी कुणाची करामत? मी आधी आकाशाकडे पाहिलं, मग म्हणालो, माझी.

मिसेस हॅलस ओरडली नाही. तोंडावरची काजळी पुसून एवढंच म्हणाली, ‘म्युरियलला विचारलं असतंस तर तिनं सांगितलं असतं कुठलं कुणाचं. पण तू तिला विचारतोस कधी?’

शुक्रवारी बॅराक्लो आला. टोपी योग्य जागी गेली, लोकर बसली, पाटी टांगली. आता वर्तमानपत्राचं पान मी उलटल्याशिवाय उलटत नाही. काम फत्ते. बाकी सर्व क्षेम.

आपला,
हर्बर्ट ओल्डरॉइड

ता. क. हे पत्र म्युरियलला वाचून दाखवा. छपराचा भाग गाळा. उशीचाही. (मिसेस हॅलसनं फोन केला असेल तर काही गाळू नका.)

ता. क. २. खोली आता खरंच उबदार आहे. मी तिथे बसत नाही. समोरची खुर्ची रिकामी बघवत नाही, म्हणून स्वयंपाकघरात कोट घालून बसतो. शनिवारी स्कारबरोहून साडेचारची बस येते. मी थांब्यावर असेन, तसंही मला तिकडे काम असतं. तिला परत ये असं मी म्हटलंय का, असं तिनं विचारलं तर नाही म्हणा.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. हो म्हणा.