मधल्या सुट्टीपर्यंतचा अर्ज

११ डिसेंबर २००६, सोमवार

साडेचार महिन्यांची बाळंतपणाची रजा संपली. आज शाळेत गेले आणि तिसऱ्या तासाला दुधानं ब्लाउज भिजला. आठवी ब समोर, फळ्यावर ‘काळी मृदा – कापसाला उत्तम’ लिहिता लिहिता! हजेरीपट छातीशी घट्ट धरला आणि घंटा होईपर्यंत तसंच शिकवलं. निम्मा वर्ग कापूस वेचायला गेलेला. बरं झालं, बघणारे डोळे तेवढेच कमी.

घरी पोचायला सव्वापाच. मैत्रेयी रडून रडून लालबुंद. बाटली तोंडात घेत नाही, वाटी-चमच्यानं पाजलं तर थुंकते. सासूबाई म्हणाल्या, “दुपारपासून दारातच बसली व माय मी तिले घेऊन.” त्यांचाही आवाज बसला होता.

१२ डिसेंबर

अर्ज लिहिला. पहिले चारही तास मला द्या, मधल्या सुट्टीत दोन वाजता घरी जाऊ द्या. तीनच महिने. पगार कापायचा तर कापा. तीनदा लिहून फाडला, चौथ्यांदा जमला.

१४ डिसेंबर

हेडमास्तर देवीलाल सरांनी अर्ज दोन बोटांत धरला, पोतेरं धरावं तसा.

“हे लिहून कायले देता मॅडम? जायचं तं जा ना! सकाळीच दोन्ही सह्या करून ठेवत जा, येतानाची अन् जातानाची. कागदावर नोका आणू.”

वाटलं गंमत करताहेत. तर त्यांनी मस्टरच उघडून पुढे सरकवलं. खेमसिंग सर, आमचे खेळाचे शिक्षक – आज पाच वाजता घरी गेल्याची त्यांची सही सकाळी अकरा वाजताच हजर! दुपारभर ते विम्याच्या पॉलिसी घेऊन हिंडतात हे अख्ख्या घाटंजीला ठाऊक आहे. खाली आणखी पाच जणांचं तेच. म्हणजे मी जे हात जोडून मागायला आले ते ही मंडळी रोज फुकटात उचलतात, आणि वर ढेकर देतात. शी!

मी तशी सही करणार नाही म्हटलं. मग संस्थेच्या अध्यक्षांना भेटा म्हणाले. अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला, त्यावर पानाचा डबा ठेवला.

१७ डिसेंबर, रविवार

राजदीप काल वणीहून आला. कोळशाच्या खाणीत त्याची पाळी मिनिटावर चालते, उशीर झाला तर परत पाठवतात. तोच मला म्हणतो, सही करून टाक, सगळेच करतात. नवऱ्याशी भांडायला आठवड्यातला एकच दिवस मिळतो, तोही असा गेला.

१९ डिसेंबर

अध्यक्षांनी त्यांच्या जिनिंगच्या ऑफिसात दीड तास बसवून ठेवलं. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत टेबलावर, फायलींवर, माझ्या पदरावर उडालेली रुई. बसल्या बसल्या छाती ठणकायला लागली. चहा आला तो बाकीच्या चौघांना.

मग साहेब बोलले. “आमच्याकडच्या बायांनी लेकरू धुऱ्यावर निजवून कापूस वेचला मॅडम. तुमाले खुर्चीवर बसून जमत नाही?”

चौघे हसले. त्यांच्या घरच्या एकाही बाईच्या बोटाला बोंड कधी टोचलं नसेल! आणि खुर्ची? आठवी ब मध्ये खुर्ची आहे कुठे? मोडली ती दोन वर्षांपूर्वी.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या जन्मभर दुसऱ्याच्या वावरात वेचायला गेल्या, राजदीपला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर ठेवून. मला धाकधूक होती, त्यांनाही पटेल म्हणून. त्या मैत्रेयीला थोपटत राहिल्या. मग म्हणाल्या, “मुंग्या लागल्या होत्या त्याले. कानात गेलत्या. ते नाही सांगत कोणी.”

२० डिसेंबर

राग उतरत नाही. मुंग्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

२३ डिसेंबर

स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबतं. आज खेमसिंग सरांनी सांगितलं कारण. तुमचा कागद वर गेला तर कोणी मस्टर तपासायला येईल, तुम्ही तुमच्या आणि आमच्याही पायावर धोंडा पाडताय. वर सल्ला – ताई, गुपचूप जात जा, लेकरासाठी गेल्याचं पाप लागत नाही.

यांची ताई होण्यापेक्षा उपाशी मेलेली बरी.

२ जानेवारी २००७

आज गेलेच. देवीलाल सरांना म्हटलं, नकार द्यायचा तर लेखी द्या. आणि दोन वाजता कोणकोण घरी जातं तेही त्याच कागदावर लिहा, मी तो घेऊन यवतमाळला शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते. सरांनी पानाचा डबा उचलला आणि अर्ज बाहेर काढला. पानाचा लाल डाग पडलाय त्यावर, माझ्या नावावरच.

“बघतो,” म्हणाले.

८ जानेवारी, सोमवार

मिळाला! लेखी हुकूम, शिक्क्यासकट. पहिले चार तास माझे, तीन महिने. दुपारचे माझे तास अस्मा मॅडम घेणार – दिवाळीनंतर आमच्या विनाअनुदानित वर्गांवर लागल्यात त्या. ते वर्ग सकाळी सात ते अकरा. पगार नाही, अनुदान येईल या आशेवर शिकवतात. देवीलाल सर म्हणाले, त्या नाही म्हणत नाहीत कशाला.

एकही खोटी सही न करता मिळवलं मी! राजदीपला वणीला फोन करून हेच वाक्य दोनदा ऐकवलं.

९ जानेवारी

सव्वादोनला घरी. मैत्रेयी पदर ओढत प्यायली, पिता पिता झोपली. सासूबाई भाकरी टाकत होत्या, मी गरम जेवले. खेमसिंग सर आणि कंपनीसमोरून आज मान ताठ ठेवून निघाले. मस्टरवर खरी वेळ लिहिली, दोन.

११ जानेवारी, गुरुवार

डबा विसरले म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत फिरले. अस्मा मॅडम माझ्या वर्गात फळ्याशी उभ्या होत्या. हजेरीपट छातीशी, दोन्ही हातांनी घट्ट.

त्यांना दाराबाहेर बोलावून विचारलं, लेकरू कितीचं?

“तीन महिन्यांचा. सरले नोका सांगू मॅडम. त्याहिले माहीत नाही, नाही तं काढून टाकतीन.”

माझी मैत्रेयी साडेपाच महिन्यांची. त्यांची शाळा अकराला सुटत होती. आता पाचला सुटते, माझ्या हुकुमावर.

डबा घेतला आणि घरी आले. मैत्रेयीला पाजलं. मग कोरा कागद घेतला, ‘हुकूम परत करणेबाबत’ एवढं लिहिलं. ती जागी झाली म्हणून उठले. कागद अजून तिथंच आहे.