खालच्या मजल्यावरची लाँड्री

५ नोव्हेंबर

सुजू नाश्त्याला गेली तेवढ्यात दोरी बांधली. घाटकोपरहून पिशवीच्या तळाशी आणली होती, तिला न सांगता. बाल्कनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर पुरली. दोन साड्या, परकर, सुजूचा कुर्ता. वारा असा की तासाभरात सुकतील.

परवा बार्सिलोना सोडलं. आजपासून नऊ दिवस नुसतं पाणी, मग मियामी.

कपडे धुवायला टाकायची पिशवी खोलीत ठेवलीय. मी वापरणार नाही. याच जहाजाच्या लाँड्रीत ह्यांनी नोकरीची शेवटची बारा वर्षं काढली. आधी कामगार, मग लाँड्री मास्टर. तिथे मी माझे मळके कपडे पाठवू? ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली म्हणून काय झालं?

मला ती लाँड्री बघायचीय. त्यासाठीच आले. पोरीने पवईच्या ऑफिसातून रजा घेऊन हेच जहाज शोधलं, तेही त्यासाठीच. नाचगाणी आणि पोहायचा तलाव तिला लखलाभ.

६ नोव्हेंबर

वाट लागली. परकर उडून शेजारच्या बाल्कनीत. शेजारीण ऐंशीच्या घरातली गोरी बाई, स्वतः आणून दिला. वर हसून काहीतरी म्हणाली. चांगलं बोलली असावी.

पाठोपाठ सिक्युरिटीवाला. बाल्कनीत काही वाळत घालायचं नाही, उडून कुठे अडकलं तर आग लागते. दोरी जप्त. ओले कपडे वाळवायला तोच खाली घेऊन गेला. म्हणजे शेवटी गेलेच लाँड्रीत.

सुजू लालबुंद. "आई, ही काय आपल्या चाळीची गॅलरी आहे?"

"गॅलरीच तर आहे. खालून भांडायला कोणी नाही एवढंच."

मग हसली. बापासारखी, नाकातून.

७ नोव्हेंबर

आज एकटी जिने उतरत गेले. एका लोखंडी दारावर इंग्रजी पाटी. एकेक अक्षर लावत वाचली. फक्त कर्मचाऱ्यांसाठी. मी चौथीपर्यंत शिकले, पुढचं सगळं वाचन ह्यांच्या पत्रांवर आणि नाक्यावरच्या वाचनालयात. इंग्रजी तर चाळिशीनंतर, सुजूच्या जुन्या पुस्तकांतून. आणि वाचलं काय, तर आत येऊ नका.

काउंटरवर सुजूने विचारलं. मुलगी गोड बोलली, पण नाही म्हणाली. प्रवाशांना खाली नेत नाहीत.

घड्याळ आज परत एक तास मागे. हे फोनवर म्हणायचे, "आज माझा दिवस पंचवीस तासांचा." मला थट्टा वाटायची. तो जादा तासही हे कामातच घालवत असतील.

सुजूच्या वाढदिवसाला मात्र कुठल्याही बंदरातून फोन यायचाच. "किती वाढली?" मी तिला दाराच्या चौकटीशी उभी करून खूण करायची आणि माप सांगायची. तेराव्या वाढदिवसाला येतो म्हणाले आणि कॉन्ट्रॅक्ट वाढवून घेतलं. इतका राग आला की पोरीला उभीच केली नाही. ठोकून दिलं, "पाच फूट सहा." हे म्हणाले, "बरं." पुढच्या वर्षी खरं सांगितलं, पाच फूट एक. तेव्हाही "बरं."

ते मी कधी कबूल केलं नाही. आता कोणाला करू?

८ नोव्हेंबर

दुपारी दार वाजलं. पांढऱ्या शर्टातला माणूस, पन्नाशीचा. एका हातात माझे कपडे, इस्त्री करून. दुसऱ्या हातात टॉवेल.

"ही घडी कोणी घातली?"

खोली साफ करणाऱ्या बाईला काम कमी म्हणून मी टॉवेल घडी करून ठेवते. तिनेच खाली दाखवला. माझी चूक झाली वाटून मी सुजूकडे पाहिलं. सुजू म्हणाली, "माझ्या आईने. का?"

"शेवटचं टोक आत खोचलाहा. असा एकच माणूस करी."

कडा आत, गोल बाजू बाहेर, शेवटचं टोक खिशात खोचल्यासारखं आत. जहाज कितीही हललं तरी थप्पी उसवत नाही. लग्नानंतर ह्यांनी मला पहिलं हेच शिकवलं होतं. मला वाटायचं, खूळ.

मी म्हटलं, "गायकवाड माझे मिस्टर."

तो दारातच खाली बसला. "वैनी, तेंनीच माका घडी घालूक शिकयल्यानी." सावंत, वेंगुर्ल्याचे. आता तेच लाँड्री मास्टर. ह्यांचं गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. मला रडू आलं नाही, त्यांना आलं. पाणी दिलं.

९ नोव्हेंबर

मला खाली नेऊ का, सावंतांनी वर विचारलं. नाही. नियम म्हणजे नियम. मोठी अधिकारी पोर्तुगीज बाई आहे, ती ऐकत नाही.

सुजू म्हणते, आई, त्यांचा माणूस भेटला, पुरे ना.

नाही पुरे. दोन जिन्यांसाठी मी अर्धी पृथ्वी आलेय.

चाळीतल्या मालतीताई निघताना म्हणाल्या होत्या, "एकट्या बाईला कसली गं ही हौस?" त्यांना काय सांगू, समुद्र बघून आले?

१० नोव्हेंबर

खाली घड्या घालायचं मशीन बंद पडलं. भाग मिळणार तो मियामीला. चार हजार टॉवेल रोज, सावंत सांगत होते. माणसं दुप्पट वेळ राबताहेत. कर्ण्यावरून विनंती, टॉवेल जपून वापरा.

मी म्हटलं, मी येते खाली.

"वैनी, माझी नोकरी जायत."

"मग टॉवेल वर पाठवा."

सुजू हसायला लागली आणि मध्येच थांबली. उठून थेट त्या पोर्तुगीज बाईकडे. काय बोलली देव जाणे. परत आली ती म्हणाली, "आई, उद्या अकरा वाजता. मोठा हॉल. तू शिकवणार."

"कोणाला?"

"येतील त्यांना."

११ नोव्हेंबर

किती आले! मला वाटलं होतं पाच-सहा. हॉल भरला, मागे उभे राहिले. सात दिवस पाणी बघून माणसं किती कंटाळतात ते आज कळलं. रोज पत्ते कुटणारे निवृत्त साहेब, त्यांच्या बायका, सगळ्यांसमोर टॉवेलांचे ढीग. पहिल्या रांगेत परकरवाली शेजारीण, बाह्या सरसावून.

मी निळं इरकल नेसले होते. माईक दिला, मी मराठीतच बोलले. सुजू इंग्रजीत सांगत होती, पण अर्ध्या लोकांना गरज नव्हती. हात दिसत होते ना.

एका उंच साहेबाचं टोक काही केल्या आत राहीना. मी त्याच्या हातावर चापट मारली. "अहो, घाई कसली? जायचंय कुठे?" सुजूने सांगितलं तसा हॉलमध्ये हशा पिकला. साहेब सर्वांत जास्त हसला.

दीड तासात ढीग संपले. सावंतांची माणसं ट्रॉल्या घेऊन दारात उभी, तोंड उघडं. शेजारणीने विचारलं, या घडीला काय म्हणतात? मी म्हटलं, "गायकवाड." सगळे एका दमात म्हणाले, गायकवाड. वेडंवाकडं म्हणाले, पण म्हणाले. बारा वर्षं ज्यांना कोणी पाहिलं नाही त्यांचं नाव वरच्या हॉलमध्ये.

झकास. दुसरा शब्द नाही.

पोर्तुगीज बाईने हात मिळवला. उद्या परत कराल का, विचारलं. मी सुजूला म्हटलं, सांग, करेन. आधी खाली.

१२ नोव्हेंबर

गेले. लोखंडी दार सावंतांनी उघडलं. बाई सोबत होती, दहा मिनिटं म्हणाली.

खिडकी नाही. उकाडा, मशीनची घरघर, साबणाचा वास. हे घरी यायचे तेव्हा बॅगेतून यायचा तोच. बारा वर्षं समुद्रावर राहून ह्यांना समुद्र दिसत नव्हता. मला कधी बोलले नाहीत. फोनवर लाटांचं वर्णन करायचे.

सावंतांनी एका खांबाजवळ नेलं. पांढरा रंग, मध्ये चिकटपट्टीचा चौकोन. "रंगकाम असला की मी पट्टी लावतंय," म्हणाले आणि काढली.

मार्करच्या रेघा. बाजूला ह्यांचं अक्षर. ११, १२, १३, १४, १५, १६.

तेराची रेघ सगळ्यांच्या वर. चौदाची पाच इंच खाली.

सुजू खांबाला टेकून उभी राहिली. सत्तावीस वर्षांची झाली तरी तेराच्या रेघेपर्यंत पोचत नाही. "आई, बाबांचं मोजायला चुकलं इथे?"

"नाही. मी खोटं सांगितलं होतं." सगळं सांगितलं, मशीनच्या आवाजात ओरडून.

सावंत म्हणाले, "मास्टर ह्या दोन रेघांकडे बघून हसत. रोज. का ता कधी सांगूक नाय."

चौदा वर्षांचं ओझं. मी तिथेच हसले, पदर तोंडावर धरून. पोर्तुगीज बाईला वाटलं रडतेय. थोडं तेही होतं.

दहा मिनिटांची पंचवीस झाली. तिने घड्याळ पाहिलं नाही.

१३ नोव्हेंबर

हॉल परवापेक्षा भरलेला. शेजारीण आता नव्यांना ओरडते.

सावंत मियामीला उतरणार, त्यांचं हे शेवटचं कॉन्ट्रॅक्ट. नंतर जहाज गोदीत, रंगाला. नवा मास्टर इंडोनेशियाचा आहे, आमच्या दोघांच्या भाषेत एक शब्द सारखा नाही. सावंतांनी त्याला खांब दाखवला, पट्टी दाखवली. त्याने मान हलवली. समजलं की नुसतीच हलवली, कळलं नाही.

सुजू म्हणते फोटो आहे ना. आहे. पण रेघ ती रेघ.

आज घड्या संपताना त्याला बोलावलं. एक टॉवेल त्याच्या हातात दिला, एक मी घेतला. कडा आत. गोल बाजू बाहेर. मी थांबले. शेवटचं टोक त्याने न सांगता आत खोचलं.