दत्तमहाराजांच्या सहा बाह्या

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

कुरुळी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

ती. सौ. सुमनवन्संना अंबूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुम्ही सांगवीला राहत असलात तरी जीव माहेरीच अडकलेला असतो, म्हणून आधी इकडची खबर देते. तुमचे बंधू ठीक आहेत, कानटोपी घालून पेपर वाचतात आणि थंडी पडलेली नाही असं सगळ्यांना सांगतात. माझे गुडघे सकाळी माझे नसतात, दहानंतर परत मिळतात. परसातला पावटा चांगला लागलाय. भाऊजींची साखर आता कशी आहे? (तेजल म्हणते बाबा तिच्यासमोर गूळ खात नाहीत. तुमच्यासमोर काय करतात ते कळवा.) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्ही माझं तिसरं वाक्य संपायच्या आत "बरं बरं, ठेवते, कुकर लागलाय" म्हणता आणि मला जे सांगायचंय ते तीन वाक्यांत मावणारं नाही. पत्राला कुकर लागत नाही.

तर मी वाकडला विणकामाच्या संमेलनाला जाऊन आले. हसू नका. असं संमेलन असतं, दोन दिवस चालतं, आणि त्यात लोकरीची दुकानं, वर्ग, चहा, बिस्किटं सगळं असतं. प्रवेशाचे पैसे आपल्या तेजलने भरले होते, पण तिला नेमकं त्याच शनिवारी ऑफिसात बोलावलं आणि पैसे परत मिळत नाहीत असं ती सहज बोलून गेली. ती सहज बोलली, मला मात्र ते ऐकून घास गिळवेना. म्हटलं, वाया जाण्यापेक्षा मी जाते. नाशिक फाट्याला बस बदलून, दोन कंटेनरांच्या मधून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडून मी पावणेदहाला दारात हजर. गळ्यात त्यांनी 'तेजल' नावाची पट्टी अडकवली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या गळ्यात ते नाव पाहून कोणी काही विचारलं नाही, उलट दिवसभर सगळे मला तेजलताई म्हणत होते आणि मीही दुपारपासून ओ देऊ लागले.

जाण्यामागे खरं कारण दुसरं होतं, ते तुम्हाला माहीत असलंच पाहिजे, कारण हे तुमच्याच आईपासून चालत आलंय. दत्तजयंतीच्या संध्याकाळी आपल्या देवळातल्या दत्तमहाराजांना गरम कपडा चढतो तो रथसप्तमीपर्यंत राहतो, आणि तो आपल्या घरचा असतो. सासूबाई घोळदार अंगरखा शिवायच्या, त्यात चार बोटं इकडची तिकडे झाली तरी खपून जायची. मी तीन वर्षांपूर्वी हौसेने विणलेला स्वेटर सुरू केला. स्वेटर काही खपवून घेत नाही. पहिल्या वर्षी तो देवांच्या बेंबीच्या वर राहिला. मी म्हटलं लोकर आटली असेल. दुसऱ्या वर्षीही वरच राहिला. मी म्हटलं माझी श्रद्धा आटली असेल, आणि दोन महिने गुरुवारसोबत सोमवारही धरले. गेल्या वर्षी पुन्हा तेच झालं तेव्हा भजनी मंडळाच्या रतनबाई भर आरतीत म्हणाल्या, "अगं अंबू, देवाला पोलकं इनलंस का काय?" सगळ्या बायका हसल्या. टाळ वाजवणारीचा ठेका चुकला. आणि आरती झाल्यावर रतनबाईंनी ठरवूनच टाकलं की यंदा बसला तर बसला, नाहीतर पुढल्या सालापासून बाजारातनं मखमली शाल आणायची. म्हणजे तुमच्या आईने चाळीस वर्षं केलेली सेवा माझ्या हातून सुटणार.

आता संमेलनाकडे येते. आधी दुकानं. वन्सं, इतके रंग मी एका जागी फक्त दिवाळीच्या रांगोळीच्या गाड्यावर पाहिलेत, आणि तेही इतके शांत नव्हते. एकेका गुंड्याला इतक्या मायेने मांडलेलं की हात लावताना पदराला हात पुसावासा वाटे. एक गुंडा मी उचलला, भाव विचारला, परत जागेवर ठेवला आणि त्याला नमस्कार केला. शेवटी एका मुलीपाशी मनासारखी भगवी लोकर सापडली. तिला मी आधी विचारलं की ही मेंढीचीच ना, कारण ते चमकणारं प्लॅस्टिक सोवळ्यात चालत नाही. ती म्हणाली शंभर टक्के मेंढीची. मग विचारलं मेंढी जिवंत आहे ना. पोरगी बिचारी गोंधळली, पण खोटं बोलली नाही. मालकिणीला फोन लावून विचारलं आणि मला सांगितलं, "काकू, मेंढ्या मजेत आहेत." अशी माणसं धंद्यात टिकोत! माझ्याकडचं माप पाहून ती म्हणाली, सहा घ्या, एकाच कढईत रंगवलेले आहेत, पुढच्या वेळी हाच रंग असाच उतरेल याची खात्री नसते. मी तिथेच टाके मोजून, ओळी मोजून साडेचार गुंड्यांचा हिशेब काढून दाखवला आणि पाच घेतले. (हे म्हणाले, खर्च कुठे मांडलास? म्हटलं, देवकार्यात. मग परत पेपर उघडला.)

त्यानंतर वर्ग. शिकवणारी स्वरूपा म्हणून तिशीतली मुलगी, तुमच्या सांगवीचीच, आवाज इतका हळू की सगळ्यांना आपोआप गप्प बसावं लागतं. तिने आल्या आल्या स्वतःच्या अंगातल्या स्वेटरची अर्धी बाही आमच्या देखत उसवली, टाके परत सुईवर घेतले आणि म्हणाली, चुकलं तर उसवायचं, त्यात अपमान कसला. मी तीन वर्षं जी गोष्ट उपास करून शोधत होते ती तिने अर्ध्या मिनिटात सांगितली. मग ती एकेकाला विचारत आली की काय विणणार. बायका म्हणत होत्या, नातवाला टोपी, नवऱ्याला मफलर. माझ्यापाशी आल्यावर मी सांगितलं, महाराजांना स्वेटर. "महाराज अंगाने कसे आहेत?" तिने विचारलं. म्हटलं, अंगाने मध्यम, उंची अडीच फूट, गळे तीन आणि हात सहा. वर्गात सुई पडली असती तर ऐकू आली असती (आणि पडलीच, माझ्या शेजारची). पण स्वरूपाला हसू आलं नाही हो. तिने खाली बसून विचारलं, "हात वर होतात का?" म्हणजे बघा कशी डोक्याने चालते. मी सांगितलं, देव पाषाणाचे, हात हलत नाहीत, आणि सहाही हातांत काही ना काही आहे, शंख, चक्र, डमरू, त्रिशूळ, कमंडलू आणि माळ. म्हणून मी डोक्यातून घालायचा स्वेटर करतच नाही, पाठीमागे उघडा ठेवते आणि प्रत्येक बाही खालून चिरलेली ठेवून नाड्या लावते. ती म्हणाली, हे मला शिकवा. मॅट्रिक झालेल्या बाईला, गळ्यात भाचीचं नाव घातलेलं असताना, असं कोणी म्हणावं! मी त्या आनंदात दोन बिस्किटं खाल्ली, शनिवारचा उपास असून.

माझ्या दुसऱ्या बाजूला बुद्धभूषण नावाचा एक जण होता. चाकणच्या एका कंपनीत तयार माल मापाला उतरतो की नाही ते तपासायचं काम करतो, रजा टाकून आला होता. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर बघून विणकाम शिकला आणि पहिला स्वेटर आईला केला. बायका आधी त्याच्याकडे चोरून बघत होत्या, पण त्याची वीण बघितल्यावर उघड बघू लागल्या. एक टाका दुसऱ्यापेक्षा मोठा नाही. पिठाच्या गिरणीत सुद्धा इतकं सारखं दळण येत नाही.

तर स्वरूपाने सगळ्यांना आधी एक नमुना विणायला लावला, फक्त वीस टाके, तळहाताएवढा तुकडा. मला ते काही पटलं नाही. पोळ्या करायच्या आधी नमुन्याची पोळी करून फेकून द्यायची म्हणजे काय! म्हणून मी दहाच टाके घातले. तिने प्रेमाने परत वीस घालायला लावले. मग सगळे तुकडे एका ओळीत ठेवले आणि मोजले. लोकर तीच, सुई तीच, टाके वीसच, पण माझा तुकडा चार इंच भरला आणि बुद्धभूषणचा पाच. ती म्हणाली, हाताहाताचा फरक असतो, माझं माप तुमच्या हाताला चालणार नाही, तुमचं माझ्या हाताला चालणार नाही.

वन्सं, मी उभी राहिले आणि ओरडले, "गुरवकाका!"

सगळा वर्ग दचकला. पण मला तीन वर्षांचा उलगडा एका क्षणात झाला होता. गाभाऱ्यात आपण बायका जात नाही, शिंपीकामाची टेप आत चालत नाही, म्हणून दत्तोबा गुरवकाका आत माप घेणार आणि उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या मला ओरडून सांगणार, ही सासूबाईंपासूनची पद्धत. काका सांगतात "लांबी एक वीत", मी घरी येऊन माझी एक वीत विणते. काका तरुणपणी कुस्त्या केलेले, त्यांचा पंजा म्हणजे सूप. माझा पंजा म्हणजे आमटीची पळी. उपास मी केले आणि फरक काकांच्या बोटांत होता!

तिथूनच काकांना फोन लावला. म्हटलं, काका, तुमची वीत किती इंचांची? काका म्हणाले, "आवो वैनी, वीत म्हंजी वीत. ती काय इंचात आसती व्हय?" मी म्हटलं मोजा. "कशानं मोजू? टेप हितं न्हाई, आन आसती तरी आत न्हेली नसती." तेव्हा बुद्धभूषणने फोन हातात घेतला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "काका, देवळात फरशी कुठली आहे?" काका म्हणाले, "गेल्या साली नवी बसवली की. फूटभराची, चौकोनी." "मग एका फरशीवर वीत घालून बघा, किती बसते." थोडा वेळ नुसता घंटेचा आवाज आला (काका सवयीने जाता जाता वाजवतात). मग काका म्हणाले, "सव्वा वीत भरली बघा." बुद्धभूषणने कागदावर मांडून सांगितलं की काकांची वीत साडेनऊ इंचांच्या वर आहे. माझी तिथेच मोजली, ती सात. लांबी एक वीत म्हणजे अडीच इंचांचा घोटाळा. पोलकंच होणार, दुसरं काय होणार! मग त्याने काकांकडून प्रत्येक हाताचं माप वदवून घेतलं आणि दत्तमहाराजांचा असा सुरेख नकाशा काढून दिला, बाण दाखवून, आकडे लिहून, जसा कंपनीत यंत्राच्या भागाचा काढतात तसा. तो कागद मी देवघराच्या फळीवर ठेवलाय आणि रोज त्याला फूल वाहते. फोन ठेवायच्या आधी काकांनी त्याला विचारलं, "तुमी डाक्टर का?" तो म्हणाला, नाही काका, तपासनीस. काका म्हणाले, "त्येच ते."

वर्गातल्या पाच जणींनी एकेक बाही विणून द्यायची तयारी दाखवली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण स्वरूपाने मान हलवली, आणि आता मलाही कळत होतं की सहा हातांची वीण सहा तऱ्हेची येईल. निघताना सगळ्यांचे नमुन्याचे तुकडे टेबलावर तसेच पडले होते. विचारून घेऊन आले, समईखाली ठेवायला आसन होईल.

आता काम जोरात सुरू आहे. माप वाढलं म्हणून काळजी करू नका. मी परत त्या मुलीकडे गेले होते, पण त्या कढईतला रंग संपला होता. तरी वीण जराशी सैल धरली की पाच गुंड्यांत आरामात बसतं, मी हिशेब केलाय. स्वरूपाला मी दत्तजयंतीचं आवतण दिलंय, बुद्धभूषणलाही. शिकावं तर अशा माणसांकडून, वन्सं. मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

आपली भावजय,
अंबू

ता. क. : तेजल रविवारी पत्र न्यायला येणार म्हणून ते तसंच पडून होतं. आज अष्टमी. पुढचा भाग, पाठ आणि तिन्ही गळे झाले. काल काकांनी देवांना लावून पाहिलं. कमरेच्या खाली चार बोटं उतरला (माझी बोटं). रतनबाईंनी उंबऱ्यातूनच मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाह्या कुटं हायत?" म्हणजे बाकी सगळं पसंत आहे.

आणखी ता. क. : आज एकादशी. वीण सैल धरता येत नाही, हात ऐकत नाही. पाच बाह्या झाल्या आणि लोकर संपली.

आणखी एक, आणि हे भाऊजींना वाचून दाखवू नका. गेल्या रविवारी तेजलबरोबर मी तुम्हाला एक भगवा गुंडा भेट पाठवला होता आणि "खास तुमच्यासाठी रंग निवडला" अशी चिठ्ठी लावली होती. तो रंग निवडलेला नव्हता, वन्सं. पाचांवर एक फुकट मिळाला होता. हे परवा सकाळी स्वतः तुमच्याकडे येत आहेत. त्यांना चहा नंतर द्या, गुंडा आधी द्या. तुम्ही त्याचे नातवाला मोजे विणले असतील तर तसेच काढून द्या, उसवायचं मी बघते, त्यात अपमान धरू नका. पौर्णिमेला चार दिवस राहिलेत. गारठा कालपासून फार वाढलाय, आणि उघडा राहिलेला हात नेमका माळेचा आहे. तो गारठला तर देवांनी जप कसा करायचा हो?